‘मॅडम, याची पोस्ट निघते का?’

शिराळा तालुक्यातल्या आरळ्याहून सकाळी निघालेला माणूस एसट्या बदलत जत तालुक्यातल्या उमदीला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. जिल्हा एकच, सांगली. पण सकाळी खिडकीतून चांदोलीच्या डोंगरावर टेकलेले ढग दिसतात आणि संध्याकाळी वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा माळ. मधे भातखाचरं संपून ऊस लागतो, कृष्णा ओलांडली की तासगावच्या द्राक्षबागा, मग बाभळी, मग नुसतं मोकळं रान.

एमएला आरोग्य भूगोल शिकवताना पहिल्या तासाला मी हा रस्ता फळ्यावर काढते आणि मुलांना त्याच रेघेवर आजार लिहायला सांगते. सुरुवातीला वर्ग गप्प असतो. मग शिराळ्याचा एखादा मुलगा म्हणतो, आमच्याकडं पान लागतं, म्हणजे साप चावतो, दर पावसाळ्यात दोघा-चौघांना तरी लागतंच. वाळव्याची मुलगी ऊसतोडीला आलेल्या बायकांबद्दल बोलते. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या, बाळंतपणाला आठ दिवस राहिले तरी फडात असणाऱ्या. तासगावचा मुलगा फळछाटणीनंतरच्या फवारण्यांचं सांगतो: डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून पाऊस उघडला की लगेच ट्रॅक्टर बागेत, आणि रात्री वडिलांचे डोळे लाल. कृष्णाकाठच्यांना पूर सोडून दुसरं काही सुचत नाही. जतची मुलगी बहुतेक वेळा सर्वांत शेवटी बोलते. एकदा एक जण म्हणाली होती, “आजार सगळ्यांसारखेच आहेत मॅडम, दवाखाना लांब आहे.”

एवढं झालं की आरोग्य भूगोल म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. माणूस कुठं राहतो, कुठं राबतो, कुठलं पाणी पितो, दवाखान्यापर्यंत कुठल्या रस्त्यानं जातो, यावरून त्याच्या तब्येतीचं बरंच काही ठरतं, आणि ते नकाशावर मांडून तपासता येतं. इतिहासही मी थोडक्यातच शिकवते. लंडनच्या जॉन स्नोनं १८५४ मध्ये कॉलऱ्याच्या मृत्यूंच्या खुणा नकाशावर करून पाण्याच्या पंपाकडं बोट दाखवलं, हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. अँड्र्यू लर्मंथ या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञानं १९५० च्या दशकात आपल्याकडच्या वीस वर्षांच्या मृत्युनोंदी घेऊन त्यांचे नकाशे केले, हे मात्र मुलांना सहसा माहीत नसतं. १९९३ मध्ये न्यूझीलंडच्या रॉबिन कर्न्स यांनी म्हटलं की नुसते रोगांचे ठिपके पुरे नाहीत, ती जागा माणसांना कशी जगवते तेही बघा. त्यावरून या विषयात बराच वाद झाला आणि विषय मोठा झाला. हे सगळं दोन तासांत आटपतं, कारण मुलांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. तो कधी वर्गात येतो, कधी जिन्यात गाठून विचारला जातो.

“मॅडम, पण याची पोस्ट निघते का?”

या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. ज्या घरातून ही मुलं येतात तिथं पदवीच्या तीन वर्षांची फी म्हणजे एखादी म्हैस किंवा उसाचं एक बिल असतं. ‘पोस्ट’ म्हणजे जाहिरात, पदसंख्या, पात्रता, वयोमर्यादा. या चारही रकान्यांत बसेल असं ‘आरोग्य भूगोलतज्ज्ञ’ नावाचं पद मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेलं नाही. मी तसं सांगते. खोटी आशा लावून एखाद्याची दोन वर्षं घेण्याचा मला अधिकार नाही.

मग ही मुलं जातात कुठं? बरीचशी एमपीएससीच्या अभ्यासिकेत. भूगोल घेण्यामागं तेच कारण असतं. नद्या, पठारं, जनगणना हे पूर्वपरीक्षेला उपयोगी. तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक. काही जण नेट-सेट काढतात आणि सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबानं, कॉलेजात शिकवायला लागतात. पस्तिशी ओलांडलेली, सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं दिवाळीच्या सुट्टीचे पैसे न मिळणाऱ्या नोकरीत वर्षानुवर्षं थांबतात. त्यावर मी इथं लिहायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून माहिती तपासण्याचं तंत्र, शिकलेले पुण्याला जातात. तिथं काम असतं, पगारही वेळेवर होतो, पण बहुतेक काम मोबाईल टॉवर, गॅसच्या पाइपलाइन आणि मिळकत कराच्या नकाशांचं. आणि काही मुलं घरी परत येतात, बाग किंवा दुकान बघतात. त्यांच्याबद्दल मला हळहळ वाटत नाही. त्यांच्यापैकी एक जण ग्रामपंचायतीत निवडून आला आणि पहिल्या सभेत त्यानं पाण्याच्या टाकीपासून वस्त्यांची अंतरं विचारली, हे मला त्याच्याच गावच्या माणसाकडून कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

पण या जिल्ह्यात काम नाही, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. काम पडलेलं आहे. फक्त ते कुणाच्या टेबलावर नाही.

शिराळ्याकडच्या एका विद्यार्थ्यानं सर्पदंशावर प्रकल्प घेतला. रीतसर परवानगी घेऊन रुग्णालयातलं रजिस्टर पाहिलं. त्यात नाव, वय, गाव, दाखल झाल्याची वेळ, पुढं काय झालं, असे रकाने. ‘गाव’ म्हणजे रुग्णाचं राहायचं गाव. त्यानं आधी तेच ठिपके नकाशावर टाकले आणि नकाशा तयार झाला असं त्याला वाटलं. मी विचारलं, साप घरात चावला की रानात? रजिस्टरमध्ये त्याला रकानाच नव्हता. मग तो घरोघर गेला. लोकांनी सांगितलं: भांगलताना, वैरण कापताना, रात्रपाळीची लाइट आली म्हणून मोटार सुरू करायला गेल्यावर, माहेरच्या शेतात लावणीला मदत करताना. गावातले ठिपके सुटून रानात पसरले. काही शेजारच्या तालुक्यात गेले. मग त्यानं प्रत्येक ठिपक्यापासून पुढच्या रेघा काढल्या. आधी कुठं नेलं, देवऋषाकडं की खासगी डॉक्टरकडं की पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), तिथून पुढं कुठं, किती वेळात. सगळ्यांना वाटत होतं की वेळ जातो तो मोठ्या रस्त्यावर, लांबच्या हॉस्पिटलला जाताना. त्याच्या नकाशात वेळ गेलेला दिसला तो बांधावरून डांबरीपर्यंत यायला, गाडीवाला शोधायला, आणि पहिल्या चुकीच्या दारात.

केंद्र सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्याचं ध्येय आहे. सर्पविषावरचं औषध कुठल्या पीएचसीत किती ठेवायचं, कुठल्या रानाजवळच्या गाडीवाल्यांचे नंबर आशाताईंकडं असायला हवेत, हे ठरवायला नेमका असाच नकाशा लागतो. तो काढणारा मुलगा आज पोलीस भरतीच्या मैदानावर पळतोय. त्याचं पळणं मला चुकीचं वाटत नाही. त्याच्या घरी दोन बहिणी आहेत. चुकीचं हे वाटतं की त्याच्या हातात असलेली गोष्ट जिल्ह्याला हवी आहे आणि ती घ्यायला जिल्ह्याकडं जागा नाही.

पुराचं तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली, त्याची आठवण या भागात कुणालाही करून द्यावी लागत नाही. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा पन्नास फुटांच्या वर होती. दर वेळी आपण फूट मोजतो, आणि ते मोजायलाच हवेत. पण आरोग्याच्या बाजूनं प्रश्न वेगळा आहे. पाणी अमुक फुटांवर आलं की कुठल्या वस्तीतली नवव्या महिन्यातली बाई दवाखान्यापासून तुटते? आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मिरजेला जाणारा माणूस कुठल्या दिवशी अडकतो? इन्सुलिन घेणारे, टीबीच्या गोळ्या चालू असलेले कुठं आहेत?

ही माहिती आहे. गरोदर बायकांची यादी आशाताईच्या रजिस्टरमध्ये आहे, तीही अपेक्षित तारखेसकट. पूररेषा जलसंपदा विभागाकडं आहे. कुठला रस्ता, कुठला पूल आधी पाण्याखाली जातो हे बांधकाम खात्याला आणि गावातल्या प्रत्येक दूधवाल्याला ठाऊक आहे. हे तिन्ही कागद एकावर एक ठेवणारा माणूस नाही, एवढीच अडचण. आमच्या मुलांनी नदीकाठच्या एका गावापुरतं ते करून पाहिलं. गाव उंचावर, प्राथमिक आरोग्य केंद्रही उंचावर, दोन्ही कोरडी राहतात. पण मधला ओढ्यावरचा पूल गावाच्या कितीतरी आधी बुडतो. म्हणजे बातम्यांत ‘पूरग्रस्त’ म्हणून नाव येण्याच्या आधीच ते गाव आरोग्याच्या हिशेबात बेट झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं अ‍ॅक्सेसमॉड नावाचं साधन फुकट उपलब्ध करून दिलेलं आहे. रस्ते, चढ, नद्या, वाहनांचा वेग त्यात भरला की दवाखान्यापर्यंतचा वेळ निघतो. एक पूल पुसून पुन्हा हिशेब करायला सांगितला की नकाशा डोळ्यांसमोर बदलतो. पहिल्यांदा तो बदलताना पाहिला तेव्हा सगळा वर्ग स्क्रीनजवळ गोळा झाला होता.

जतचा प्रश्न पाण्याचा नाही, निदान या बाबतीत नाही. सरकारी निकष असा की सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागं. उपकेंद्राला ५,००० आणि ३,०००. निकष माणसं मोजतो. जत तालुका जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे पाव हिस्सा आहे, लोकसंख्येत मात्र आठव्या-नवव्या हिश्श्याइतका. माणसं विरळ, वाड्या-वस्त्यांवर विखुरलेली. निकष पूर्ण झाला तरी अंतर तसंच राहतं. १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेल्या मिरजेला बेळगाव, विजापूर, कोकण, गोव्याहून पेशंट येतात. स्टेशनबाहेर कानडी आणि मराठी सारखीच ऐकू येते. आणि त्याच जिल्ह्यातल्या उमदीकडच्या माणसाला मिरज लांब पडते, विजापूर जवळ. तो तिकडंच जातो. मग त्याचं बाळंतपण, त्याचा अपघात, त्याचा ताप आपल्या जिल्ह्याच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही. कागदावर तो भाग निरोगी वाटू शकतो. भूगोलाच्या मुलांना सीमेपलीकडं बघायची सवय असते. हे शिक्षण फुकट जाऊ देणं जिल्ह्याला परवडणारं नाही.

करोनात सगळ्यांनीच नकाशे पाहिले. इस्लामपुरात २०२० च्या मार्चमध्ये सुरुवातीचे रुग्ण सापडले आणि प्रशासनानं फार तातडीनं भाग बंद करून साथ रोखली. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण नंतर जिल्हाभर कंटेनमेंट झोन आखले जाताना नकाशावर गोल काढले गेले, आणि माणसं गोलात राहत नाहीत. ती रस्त्यानं, पाणंदीनं, नात्यानं जोडलेली असतात. ओढ्यापलीकडची वस्ती गोलात यायची आणि रोज भाजी घेऊन येणारं दोन मैलांवरचं गाव बाहेर राहायचं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गीयां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्यावर संशय गेला, तेव्हा मुलं आपण होऊन आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी अशी गावांची नावं बातम्यांत वाचून एकीनं विचारलं, “पाण्याच्या लाइनचा नकाशा मिळेल का कुठं?” त्या प्रश्नासाठी मी तिला त्याच दिवशी शंभरपैकी शंभर दिले असते.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअरच्या आधी शिकवावी लागते. ठिपका म्हणजे कुणाचं तरी घर असतं. एचआयव्हीच्या काळात सांगलीनं हे फार जवळून पाहिलं आहे. १९९२ पासून इथं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेनं आणि त्या स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनेनं हेच ठणकावून सांगितलं, की आमच्याकडं रोगाचा अड्डा म्हणून बघू नका, आमच्याशी बोला. त्या गल्लीवर लाल ठिपके टाकलेला नकाशा भिंतीवर लागला असता तर त्यातून कुणाचंही भलं झालं नसतं. म्हणून माझ्याकडं नियम आहे: घराचा ठिपका वहीत राहतो; बाहेर जाणाऱ्या नकाशात तो वस्तीच्या, प्रसंगी गावाच्या पातळीवर विरघळवायचा, नाव कधीच नाही, आणि ज्यांच्याबद्दलचा नकाशा आहे त्यांना तो आधी दाखवायचा. हे पाळायला जमत नसेल तर त्या मुलानं टॉवरचे नकाशे करावेत, ते चांगलं काम आहे.

तर, पोस्ट निघत नाही, मग मी काय सांगते? मी वाटा सांगते. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. तिथं भूगोलाच्या मुलांना जाता येतं आणि आकड्यांची भीती कायमची जाते. तिथंच जवळ टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, घरी बसून होतात. नकाशे करायच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. संख्याशास्त्र टाळू नकोस, हे तर मी प्रत्येकाला हात जोडून सांगते; नकाशा सुंदर दिसतो आणि खालचा हिशेब चुकलेला असतो, असं फार वेळा होतं. आणि जतच्या मुलांना सांगते, तुला कानडी येतं हे बायोडेटात लिही. सर्व्हेला जाणाऱ्या संस्थांना असा माणूस शोधून सापडत नाही.

या वाटांनी गेलेली मुलं आहेत. एक मुलगी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी पदावर डेटाचं काम करते. पदाच्या नावात भूगोल कुठंच नाही. दर महिन्याला तालुक्यांचे तक्ते पाठवायचे, एवढंच तिचं काम लिहिलेलं आहे. तिनं लसीकरण राहिलेल्या मुलांचा तक्ता एकदा नकाशावर घातला आणि वरिष्ठांना दाखवला: सुटलेली मुलं सगळ्या तालुक्यात विखुरलेली नव्हती, वीटभट्ट्या आणि खोपींच्या जागांवर एकवटलेली होती. पुढच्या महिन्यात सिस्टरांचा फिरतीचा कार्यक्रम बदलला. कंत्राट अकरा महिन्यांचं आहे आणि दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी तिची झोप जाते, हेही तिनंच सांगितलं.

माझी मागणी मोठी नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात भूगोल शिकलेला एक माणूस हवा. तिथले डॉक्टर चांगलं काम करतात, मी ते पाहते. पण साथ, लसीकरण, बैठका, कोर्टाचे कागद यांतून त्यांना पूररेषेवर आशाताईंची यादी ठेवायला वेळ कुठला? साथरोगाच्या पदांच्या मी पाहिलेल्या जाहिरातींत पात्रतेच्या ओळीत वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पदव्या असतात. तिथं भूगोल आणि जीआयएस एवढं घातलं, तर माझ्या वर्गातली मुलं अर्ज भरतील आणि मेरिटनं लागतील. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही. एक टेबल, एक संगणक आणि फिरायला गाडीचं पेट्रोल. मी हे लेखी दिलेलं आहे आणि देत राहणार आहे.

यंदा खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं गलाईवाल्यांचा विषय घेतलाय. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायला जातात, लहानशा खोलीत भट्टी आणि तेजाबाच्या वाफा. दमा किंवा खोकला घेऊन गावी परत येतात तेव्हा नोंद होते खानापूरची आणि कारण राहतं कोइम्बतूरच्या गल्लीत. तिला तिकडं जाऊन काम करायचंय. तिच्या वडिलांचा मला फोन आला. मला वाटलं तेच विचारतील, आणि त्यांनी तेच विचारलं: “मॅडम, एवढं करून पोरीला पुढं काय मिळणार?” मी जे आहे ते सांगितलं, पद आज नाही, देवनारची प्रवेश परीक्षा आहे, तिचे मार्क बघता ती निघेल, तोवर दोन वर्षं खर्च आहे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, मी स्वतः तिकडं होतो, लग्नाच्या आधीपासून. मग खोलीला खिडकी किती उंचावर होती, धूर कुठं जायचा, रात्री तिथंच कसं झोपायचे, हे सगळं ते बोलत राहिले. मी म्हटलं, दादा, हे मला नको, तिला सांगा. त्याच रात्री तिनं ते लिहून घेतलं. तिच्या प्रबंधातली ती पहिली मुलाखत आहे, आणि चुलत्यांनी कोइम्बतूरला राहायची सोय केली आहे.